वर्ग भरलेले, मग पगार का अडला?

प्रश्न : माझी भाची एम.ए., बी.एड. झाल्यावर जपानमधल्या एका खासगी संस्थेत इंग्रजी शिकवायला गेली. वर्ग भरलेले असतात, विद्यार्थी वर्षभराची फी आधीच भरतात, तरी दोन महिने पगार वेळेवर झालेला नाही. इकडे सगळे म्हणतात, मालकाने पैसे खाल्ले. ती म्हणते, नोकरी सोडली तर थकलेला पगारही जाईल आणि व्हिसाही. खरं काय? (एक वाचक भगिनी, मंचर)

उत्तर : तुमची भाची ज्या ठिकाणी शिकवते तिला आपण शाळा म्हणतो, पण आपल्याकडच्या अनुदानित शाळेशी तिचा काही संबंध नाही. ती एक कंपनी आहे. सरकारी अनुदान नाही, वेतनश्रेणी नाही. जागेचं भाडं, जाहिरात, पगार, सगळं फीमधूनच भागवायचं. आता तुमचं कोडं असं, की फी तर आगाऊ येते, मग तुटवडा कसा?

गंमत अशी, की तुटवडा बहुतेक वेळा त्या आगाऊ फीमुळेच येतो. नारायणगाव तुम्हाला लांब नाही. यात्रांच्या हंगामाआधी तिथे तमाशाफडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येऊन सुपारी ठरवतात आणि इसार देऊन जातात. नोटा फडमालकाच्या हातात असतात, पण खेळ अजून व्हायचा असतो. तोवर ते पैसे म्हणजे गावाचं देणंच. त्याने तो इसार गेल्या वर्षीच्या सावकाराला देऊन टाकला, तर यंदाच्या खेळाचं डिझेल आणि कलावंतांचे पैसे कुठून आणायचे? पुढचा इसार घेऊन. वर्षभराची फी एकदम घेणाऱ्या संस्थेचंही असंच असतं. नवे विद्यार्थी येत राहतात तोवर गाडा चालतो. ते कमी झाले, की वर्ग तुडुंब भरलेले असूनही तिजोरी रिकामी! कारण वर्गात बसलेल्यांचे पैसे कधीच खर्च झालेले असतात.

याचं सर्वांत मोठं उदाहरण जपानमध्येच घडलं. १९८१ मध्ये ओसाकात सुरू झालेली ‘नोव्हा’ ही पुढे तिथली सर्वांत मोठी इंग्रजी शिकवणारी कंपनी झाली. गुलाबी सशाच्या टीव्हीवरच्या जाहिराती घरोघरी ठाऊक होत्या. जितके जास्त धडे एकदम विकत घ्याल, तितका प्रत्येक धडा स्वस्त, असा तिचा हिशेब. पण कोणी मध्येच सोडून उरलेले पैसे मागितले, की झालेल्या धड्यांना महाग दर लावून परतावा कमी करायचा. एप्रिल २००७ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. जूनमध्ये सरकारने एक वर्षाहून लांब मुदतीचे नवे करार सहा महिने करायचे नाहीत, असा आदेश दिला. म्हणजे येणारा पैसा आटला आणि परतावा मागणाऱ्यांची रांग वाढली. पगार लांबू लागले. २६ ऑक्टोबर २००७ ला कंपनीने ओसाकाच्या न्यायालयात धाव घेतली आणि वर्ग बंद झाले. चार हजारांच्या आसपास परदेशी शिक्षक एका दिवसात बिनपगारी झाले. काहींच्या पगारातून कंपनी घरभाडं कापून घेत होती, पण घरमालकाला ते पोचवत नव्हती, म्हणून त्यांच्यावर घर सोडायचीही वेळ आली.

मालकाने पैसे खाल्ले का? नोव्हाच्या संस्थापकाला पुढे शिक्षा झाली खरी. पण गुन्हा काय, तर कर्मचाऱ्यांच्या निधीतले ३२ कोटी येन वळवून त्यातून विद्यार्थ्यांचे परतावे दिले! चोरीपेक्षा ही एका भोकाचं ठिगळ दुसऱ्या भोकाला लावण्याची धडपड जास्त वाटते. पगार थकलेल्याला अर्थात या फरकाने काही दिलासा मिळत नाही.

आता भाचीच्या दोन्ही भीती पाहू. नोकरी सुटली की व्हिसा त्याच दिवशी रद्द होतो, हा समज चुकीचा आहे. जपानमध्ये राहण्याचा परवाना कामाच्या प्रकारावर मिळतो, त्याची मुदत मालकावर अवलंबून नसते. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत तिथल्या इमिग्रेशन खात्याला कळवायचं आणि त्याच प्रकारचं दुसरं काम शोधायचं. योग्य कारणाशिवाय तीन महिने किंवा जास्त काळ ते काम केलं नाही, तर मात्र परवाना रद्द होऊ शकतो. तेव्हा घाबरून चिकटून राहण्यापेक्षा आतापासून दुसरीकडे अर्ज करणं शहाणपणाचं.

थकलेला पगारही राजीनाम्याने बुडत नाही. उलट नोकरी सोडणाऱ्याने मागणी केल्यावर सात दिवसांत देणं चुकतं करावं, असं तिथला कायदा सांगतो. ते झालं नाही, तर कामगार निरीक्षण कार्यालयात तक्रार करता येते. कंपनी खरोखर बुडालीच, तर थकलेल्या वेतनाच्या ८० टक्के रक्कम सरकार आधी देतं आणि नंतर कंपनीकडून वसूल करत बसतं. राष्ट्रीयत्व आड येत नाही. वयाप्रमाणे कमाल मर्यादा आहे. तिशीच्या आतल्यांना ८ लाख ८० हजार येनपर्यंत. पण यात एक मेख आहे. दिवाळखोरीच्या अर्जाच्या सहा महिन्यांहून आधी नोकरी सोडलेल्यांना ही सोय मिळत नाही. म्हणून नोकरी सोडली तरी तक्रार लगेच नोंदवावी. करारपत्र, पगाराच्या पावत्या, हजेरीची नोंद आणि बँकेचं पासबुक, या सगळ्यांचे फोटो आजच काढून ठेवायला सांगा. घर कंपनीने दिलेलं असेल, तर भाडं पोचतंय का, हे थेट घरमालकाला विचारावं.

शेवटी तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. ‘एजंटने सरकारमार्फत पाठवलं’ असं पुष्कळ घरांत ऐकू येतं. दहावी वा पुढे शिकलेल्याला परदेशी नोकरीसाठी सहसा सरकारी उत्प्रवास मंजुरी लागत नाही, म्हणजे भाचीचा करार आपल्या सरकारात कोणी वाचलेलाच नसतो. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. तिथल्या पगाराची तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंदवा; इथल्या एजंटने तुमच्याकडून जास्त घेतले असतील, तर त्याचीही तक्रार त्या मंत्रालयाकडे करा. धाकट्या भाचीलाही पाठवायचा विचार असेल, तर मुलाखतीत पगाराआधी तिने एवढंच विचारावं : विद्यार्थ्यांकडून किती महिन्यांची फी एकदम घेता?