पेन्शन लागल्यावरचा हिशेब

मराठा पलटणीतून सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. गावातली पोरं विचारतात, भरती कसं व्हायचं? फौजेत राहायचं किती आणि निघायचं कधी, हे कोणी विचारत नाही. प्लाटून सांभाळताना जे दिसलं, ते सांगतो.

१. पंधरा वर्षं कोणी हलत नाही.
जवानाला पेन्शन मिळायला १५ वर्षं नोकरी व्हावी लागते. बारा-तेरा वर्षं झालेला गडी कितीही वैतागला तरी कळ काढतो. त्याला लगेच निष्ठा म्हणू नये. पंधरा भरल्यावरही जो थांबतो, तो का थांबला ते बघावं.

२. अर्ज येतो घरच्या फोनानंतर.
थंडीला कंटाळून नाव काढून घेतलेला जवान माझ्या पाहण्यात नाही. कराडकडचा एक नाईक होता. वर्षाची ६० दिवसांची सुट्टी, त्यातली निम्मी बांधाच्या भांडणात जायची. शेजारी दर नांगरटीला एकेक तास आत सरकायचा. हा सुट्टीवर आला की मोजणीची तारीख पुढे गेलेली, तलाठी दुसऱ्या गावच्या सजावर. वर बाप म्हणायचा, "तू हितं असतास तर त्याची हिंमत झाली असती का?" पोस्टवर बर्फात रात्र रात्र पहारा करणारा हा गडी त्या एका वाक्याने खचायचा. पेन्शन लागली त्याच वर्षी निघाला.

३. थांबवतं तेही घरच.
पीस पोस्टिंगला फॅमिली क्वार्टर मिळालं की चित्र पालटतं. पोरं केंद्रीय विद्यालयात, दवाखाना आवारातच, सामान कॅन्टीनमधून. मग बायकोच म्हणते, "पोरीची दहावी होऊ द्या, मग बघू." अशा दहावी-बारावीवर कितीतरी जणांनी नोकरी वाढवली.

४. हुद्दा अडला की मन उठतं.
कॅडर पास होऊन प्रमोशन मिळालं की नोकरीची मुदत वाढते. नाही मिळालं तर शिपाई म्हणूनच घरी यावं लागतं. त्याहून जास्त टोचतं ते वेगळंच. कालचा ज्युनिअर आज फॉलिनला समोर उभा राहून हजेरी घेतो. चांगले चांगले जवान तिथेच मनाने बाहेर पडतात. कागद नंतर येतो.

५. वेळेवर मिळालेली सुट्टी माणूस विसरत नाही.
आई आजारी असल्याचा फोन आला आणि कंपनी कमांडरने त्याच रात्री सुट्टी पास करून गाडीत बसवून दिलं, तर तो जवान पुढे अवघड पोस्टिंगलाही कुरकुर करत नाही. तीच सुट्टी आठवडाभर अडली, तर तेही तो जन्मभर लक्षात ठेवतो.

६. बाहेरचं जग हुद्दा ओळखत नाही.
पंधरा वर्षांनी बाहेर पडणारा जेमतेम पस्तिशीचा असतो आणि पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी. सेक्शन चालवलेला हवालदार सोसायटीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहिताना दिसतो. ज्यांनी शेवटची दोन वर्षं पदवी, अवजड वाहनाचा परवाना किंवा सरकारी भरतीची तयारी यात घातली, त्यांचं बरं चाललंय. माजी सैनिकांसाठी जागा राखीव असतात, पण परीक्षा स्वतःच द्यावी लागते.

७. अग्निवीराला हा हिशेब आधीच मांडावा लागतो.
२०२२ पासून भरती चार वर्षांची झाली. त्यातले फार तर २५ टक्के कायम होणार. बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपये मिळतील, पेन्शन नाही. राहायचं की निघायचं, हे आता त्या पोराच्या एकट्याच्या हातात नाही. म्हणून मैदानात धावायला सुरुवात करण्याआधी घरात बसून एक प्रश्न सोडवा : चार वर्षांनी परत आलो तर काय करणार? "घरची शेती आहे की," असं उत्तर येत असेल, तर सातबारावर किती नावं आहेत तेवढी आधी मोजून घ्या.