व्ह्यूअर खोक्यातच घाल

ओझर (मिग)

चि. ओंकार यास,


तुझा दोन भिंगांचा थ्रीडी कॅमेरा आणि किमतीचा तक्ता, दोन्ही कुरियरने पोचले. कॅमेरा झकास आहे. तक्ता पटला नाही, म्हणून फोन न करता सविस्तर लिहितो.

तुझं म्हणणं असं, की 9,999 छापले की लोक उड्या मारतील, कारण एवढ्यात असा कॅमेरा दुसरा कुणी देत नाही. अरे, हायवेवरच्या स्टुडिओत बसून मी आयुष्यभर हेच पाहिलं. गिऱ्हाईक कॅमेऱ्याची किंमत विचारायचं, मान हलवायचं आणि लगेच पुढचं: रोल कितीचा? धुवायला किती? कॉपी कितीला? फोटो मावशीच्या हातात पडेपर्यंत जो खर्च, ती त्याच्या लेखी कॅमेऱ्याची किंमत. आता रोल गेला, धुणं गेलं, पण तुझ्या मालाला एक प्रश्न चिकटलेलाच आहे: बघायचं कशात? तुझ्या तक्त्यात त्याचं उत्तर 'व्ह्यूअर वेगळा, 499' असं आहे. इथेच घोडं पेंड खातंय.

या धंद्यात हा खड्डा जुना आहे. अमेरिकेत डेव्हिड व्हाइट कंपनीने 1947 मध्ये 'स्टिरिओ रिअलिस्ट' आणला, किंमत 160 डॉलरच्या वर. हौशी लोकांनी तो डोक्यावर घेतला, आयझेनहॉवरसुद्धा वापरायचे. मग 1954 मध्ये कोडॅकने जवळजवळ निम्म्या किमतीत आपला आणला आणि पाच वर्षांत गुंडाळला. पुढे 1980 च्या दशकात चार भिंगांचा 'निम्स्लो' आला. त्यात चष्माबिष्मा काही नको, पण प्रिंट खास लॅबमध्येच निघायची. शेवटी किंमत पाडावी लागली, तरी तो चालला नाही. फुजीचा 2010 चा डब्ल्यू-3 तर नामी होता. मागच्या पडद्यावर उघड्या डोळ्यांनी खोली दिसायची. पण पाहुण्यांना दाखवायचं तर कॅमेराच हातोहात फिरवा, नाहीतर थ्रीडी टीव्ही घ्या. त्यानंतर फुजीने तसा कॅमेरा काढला नाही. 2023 च्या अखेरीस आयफोनवर असा व्हिडिओ काढायची सोय आली. तो खोलीसकट बघायला अ‍ॅपलने पुढे आणलेलं यंत्र 3,499 डॉलरचं. किमती वरखाली झाल्या, दुखणं तेच राहिलं.

आता ज्यांना जमलं त्यांच्याकडे बघ. ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टरने 1861 मध्ये हातात धरायचा साधा लाकडी व्ह्यूअर बनवला आणि मुद्दाम पेटंट घेतलं नाही. कुणीही बनवा म्हणाला. व्ह्यूअर घरोघर गेला आणि त्याच्या मागून चित्रांचा धंदा. अंडरवुड अँड अंडरवुडने तर सुट्टीतल्या कॉलेजच्या पोरांना दारोदार पाठवलं. जेम्स रिकल्टनने काढलेल्या हिंदुस्थानच्या 100 चित्रांचा त्यांचा संच होता, सोबत पुस्तक. त्या गिऱ्हाइकांकडे कॅमेरा नव्हताच. त्यांनी बघण्याचे पैसे मोजले.

म्हणून सांगतो, खोक्यात पुठ्ठ्याचे चार व्ह्यूअर घाल. मोबाइल आत सरकवायचा, भिंगांना डोळे लावायचे, झालं. व्ह्यूअरचा नकाशाही फुकट वाटून टाक, कुणी कापून चिकटवले तर चिकटवू दे. नाशिकच्या पोरीने फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि पिंपळगावच्या आजीने तो व्ह्यूअरमधून पाहिला, तर तुझा दुसरा कॅमेरा तिथे विकला जाईल.

हिशेबाचं बोलू. छापील 9,999 मधून 18 टक्के जीएसटी गेला की उरतात 8,474. दुकानदाराला 12 टक्के धर, 1,017. वितरकाला 5, म्हणजे 424. राहिले 7,033. माल तुला 6,200 ला पडतो. उरलेल्या 833 मध्ये जाहिरात, दुरुस्ती, परत आलेला माल आणि बँकेचं व्याज? दिवाळं निघेल. तेच 11,999 लाव. याच हिशेबाने 8,441 हाती येतात. माल आणि प्रत्येकी 60 रुपयांचे चार व्ह्यूअर वजा जाता दोन हजार सुटतात. जो 9,999 ला घेणार नाही तो 8,999 लाही घेणार नाही. ज्याने डोळे लावून पाहिलंय तो दोन हजारांसाठी अडणार नाही.

आणि फ्लेक्सचा नाद सोड. चपट्या फ्लेक्सवर खोली कशी दाखवणार? इन्स्टाचंही तेच. माल प्रत्यक्षच दाखवावा लागतो. आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये भांडवलासाठी तोंडाची वाफ दवडली नाही. वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली, ती पडद्यावर भरभर पळवली आणि पैसे उभे केले. 'राजा हरिश्चंद्र'ची जाहिरातही त्यांची फक्कड: 57,000 फोटो, दोन मैल लांब चित्र, फक्त तीन आण्यांत! (57,000 हिशेबाला बसतात. मैल मात्र जाहिरातीचे, कारण चित्रपट होता 3,700 फुटांचा. तेवढं अनुकरण करू नकोस.)

तू चंपाषष्ठीला ये. खंडेरावाची यात्रा भरते, बारागाडे ओढतात. गाड्यांची रांग समोरून जरा तिरकी टिप. अशी मागे मागे जाणारी रांग मिळाली की थ्रीडीचं सोनं होतं. द्राक्षबागेत दोन ओळींच्या मधे उभा राहा, मांडवाच्या तारा लांबवर पळतात. पण घड हातभर अंतरावरून काढू नकोस. तुझ्या भिंगांत माणसाच्या डोळ्यांएवढं, साधारण 65 मिलिमीटर अंतर आहे. सर्वात जवळची वस्तू त्याच्या तीसपट, म्हणजे दोन मीटरवर हवी. नाहीतर बघणाऱ्याचे डोळे ताणतात आणि तो कॅमेऱ्याला नावं ठेवतो. हे खोक्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत छाप. मॅन्युअल कुणी वाचत नाही.

विक्रीचा मोसमही चुकलाय तुझा. निफाड-दिंडोरीत द्राक्षाचा पैसा फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात येतो, मागोमाग लग्नं. दिवाळीत इकडे बागेच्या औषधांची उधारी चालू असते. तेव्हा मार्चच्या आधी दुकानात माल लावू नकोस. तोवर लग्नाचे फोटोग्राफर धर. करिझ्मा अल्बमबरोबर दहा थ्रीडी फोटो आणि एक व्ह्यूअर त्यांनी दिला, तर तुझी जाहिरात मांडवातच होईल, तीही त्यांच्या खर्चाने.

पाचशे नगांची ऑर्डर पक्की केली नसशील तर यात्रेपर्यंत थांबव. पुरवठादार घाई करेल, त्याला माझं नाव सांग. येताना कॅमेरे दोनच आण, व्ह्यूअर मात्र पन्नास.

तुझा,
सुधामामा