वॉर्ड ऑफिसच्या फेऱ्यांतून

मराठवाड्यातल्या एका महापालिकेच्या शहरात मी राहते. गल्लीतल्या तक्रारी घेऊन वॉर्ड ऑफिसात जाणं कित्येक वर्षं चालू आहे. "मॅडम, फंड नाही" हे तिथलं ठरलेलं उत्तर. त्यात तथ्य आहे. जकात गेली, ऑगस्ट २०१५मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही गेला, २०१७मध्ये जीएसटी आला आणि महापालिका राज्याच्या हप्त्याकडे डोळे लावून बसल्या. पण पुढच्या गोष्टी फंडावाचून अडतात, हे मला पटत नाही.

१. नळाला पाणी कधी येतं याच्याइतकंच, आल्यावर पहिली दहा मिनिटं ते कसं असतं हे बघा. आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतं आणि सुरुवातीच्या बादल्या गढूळ, वासाच्या निघतात. मधले दिवस पाइप रिकामा असतो. सांधा सैल असेल तर शेजारच्या गटाराचं पाणी आत झिरपतं आणि पाणी सुटताच घराघरांतल्या मोटारी ते ओढून घेतात. कावीळ-जुलाबाची साथ अशीच पसरते. धरण आहे म्हणून भागत नाही. जायकवाडी असून छत्रपती संभाजीनगरच्या आणि उजनी असून सोलापूरच्या लोकांनी वर्षानुवर्षं चार-चार दिवसांनी पाणी भरलं आहे. अडतं ते जुन्या जलवाहिन्यांवर, गळतीवर, अपुऱ्या टाक्यांवर. गळकी जागा व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला तोंडपाठ असते. त्याला कोणी विचारतच नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

२. भर दुपारी पथदिवे जळताना दिसले, तर समजा की टायमर बिघडलाय आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या एकाही कर्मचाऱ्याला ते वर कळवावंसं वाटलेलं नाही.

३. मे महिन्यात नाल्यातला गाळ काढून काठावर ढीग लावतात. वाळला की तो उचलायचा असतो, पण काढणारा एक आणि उचलणारा दुसरा. मृगाचा पहिला जोरदार पाऊस तो परत नाल्यात लोटतो आणि खालच्या वस्तीत घराघरांत पाणी शिरतं.

४. नगरसेवकच नसले की काय होतं, ते राज्यातल्या अनेक शहरांनी भोगलं. ७४व्या घटनादुरुस्तीनुसार मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. छत्रपती संभाजीनगर महापालिकेची मुदत एप्रिल २०२०मध्ये संपली. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुका घ्यायला सांगितलं, तेव्हाही तिथे प्रशासकच होता. नगरसेवक कसाही असो, लग्नाकार्याला आपल्या गल्लीत येतो आणि तेव्हा त्याला अडवून विचारता येतं. प्रशासकाला गाठायला आधी चिठ्ठी आत पाठवावी लागते.

५. नवा रस्ता झाला की तो कोण खोदतं यावर लक्ष ठेवा. आमच्या रस्त्यावरून रोलर फिरला, पांढरे पट्टे मारून झाले आणि मग ड्रेनेजच्या कामाचा जेसीबी आला. दोन्ही खाती एकाच इमारतीत बसतात. चर मुरूम टाकून बुजवला, तो पावसात खचला. अशा वेळी तोंडी भांडण्यात अर्थ नाही. मोबाइलवर "तक्रार निकाली" असा मेसेज येतो आणि खड्डा जागच्या जागी राहतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. २००५च्या या कायद्याने कागदपत्रांबरोबरच प्रत्यक्ष काम तपासण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. फार थोड्यांना हे ठाऊक असतं. अर्जात कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा, दोषदायित्व कालावधी किती ते विचारा. तो चालू असेल तर कामातला दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. रस्ता खोदायची परवानगी कोणी, कोणत्या तारखेला दिली, हेही त्याच अर्जात लिहा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं, तर तिथल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं.