घरी इन्शुलिन घेताना सिरिंज व सुई यांची निवड

मधुमेहाच्या ज्या रुग्णास डॉक्टरांनी रोज इन्शुलिन घेण्यास सांगितले आहे, त्याने प्रत्येक वेळी टोचून घेण्यासाठी दवाखाना गाठावा ही अपेक्षा व्यवहार्य नाही. धार जिल्ह्यातील कुक्षी, डही किंवा देवास जिल्ह्यातील बागली, कन्नौद या बाजूच्या खेड्यांतून तर ते अशक्यच होय. म्हणून हे औषध घरीच, रुग्णाने स्वतः अथवा घरच्या माणसाने टोचावयाचे असते. टोचण्याची रीत परिचारिका शिकवितात व ती थोड्या सरावाने जमते. खरी गफलत होते ती त्याआधी, दुकानातून सिरिंज आणताना.

इन्शुलिनचे माप युनिटमध्ये सांगितले जाते. युनिट हे औषधाच्या ताकदीचे माप आहे, आकारमानाचे नव्हे. एकाच वाटीत पातळ पाक घेतला आणि घट्ट पाक घेतला, तर वाटी तेवढीच भरली तरी साखर सारखी येत नाही. तसेच हे आहे. आपल्या देशात इन्शुलिन मुख्यतः दोन ताकदींचे मिळते. काचेच्या बाटलीतील नेहमीचे इन्शुलिन बहुधा १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट असे असते; आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही साधे इन्शुलिन याच ताकदीचे नोंदलेले आहे. पेनमध्ये घालावयाची नळी मात्र १ मिलिलिटरला १०० युनिट या ताकदीची असते आणि काही नव्या प्रकारच्या इन्शुलिनच्या बाटल्याही १०० च्याच असतात. ब्रिटनमध्येही पूर्वी वेगवेगळ्या ताकदींच्या बाटल्या चालत. घोटाळे टाळण्यासाठी १९८३ पासून तेथे १०० ही एकच ताकद रूढ करण्यात आली. आपल्याकडे दोन्ही नांदत असल्यामुळे सावधगिरीचा भार घेणाऱ्यावर येतो.

या दोन ताकदींसाठी सिरिंजाही दोन आहेत. ४० च्या सिरिंजेचे टोपण लाल असते, १०० च्या सिरिंजेचे नारिंगी. पण संध्याकाळच्या मंद उजेडात लाल व नारिंगी यांत फरक कळणे कठीण, आणि टोपण एकदा काढून ठेवले की ते कोणत्या सिरिंजेचे हेही सांगता येत नाही. तेव्हा रंगावर विसंबू नये. सिरिंजेच्या नळीवर छापलेला आकडा वाचावा व तो बाटलीवरील आकड्याशी ताडून पाहावा. दोन्हीकडे ४०, नाहीतर दोन्हीकडे १००.

आकडे जुळले नाहीत तर काय होते, हे शिक्षकांनी फळ्यावर मांडून दाखविण्याजोगे आहे. समजा, मात्रा २० युनिट आहे. ४० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजेने २० च्या रेघेपर्यंत औषध घेतले, तर ते अर्धा मिलिलिटर, म्हणजे बरोबर २० युनिट होते. त्याच बाटलीत १०० ची सिरिंज घातली, तर २० ची रेघ ०.२ मिलिलिटरवर येते व अंगात केवळ ८ युनिट जातात. साखर चढत राहते, आणि इन्शुलिन लागू पडत नाही असा ग्रह होतो. उलट प्रकार याहून भयंकर. १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजेने २० ची रेघ गाठली, तर अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट अंगात जातात, म्हणजे अडीचपट! अशा वेळी घाम सुटतो, हातपाय कापतात, बोलणे असंबद्ध होते. रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा.

परदेशी असलेली मुले प्रेमाने आईवडिलांसाठी सिरिंजांचा डबा आणतात. अमेरिकेतील त्या सिरिंजा १०० च्या असतात आणि येथील घरची बाटली ४० ची. वस्तू उत्तम, पण या बाटलीस निरुपयोगी. त्याचप्रमाणे पेन बिघडले म्हणून त्याच्या नळीतून ४० च्या सिरिंजेने औषध ओढू नये. इन्शुलिनची सिरिंज संपली म्हणून २ मिलिलिटरची साधी सिरिंज वापरणेही चुकीचे. तिच्यावर युनिटच्या रेघा नसतात.

आपल्या भागात दुकानातील व्यवहार हिंदीतून चालतो. मराठीत सुई म्हणजे केवळ सुई, पण माळव्यात ‘सुई’ म्हटले की अख्खे इंजेक्शन समजले जाते. म्हणून नुसती ‘इन्सुलिन की सुई’ न मागता ‘चालीस वाली सिरिंज’ असे आकड्यासह मागावे. रिकामी बाटली बरोबर न्यावी हे सर्वांत बरे.

सुईबद्दल फार चिंता नको. क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते. ३० पेक्षा ३१ ची सुई बारीक. औषध कातडीखालील चरबीत जावयास हवे, स्नायूत नव्हे. कातडीची जाडी स्थूल व कृश माणसांत सारखीच, सुमारे २ मिलिमीटर असते. त्यामुळे धिप्पाड माणसास लांब सुई हवी ही समजूत निराधार आहे. सिरिंजेसाठी ६ मिलिमीटरची सुई मिळाल्यास ती घ्यावी. ८ ची असल्यास कातडीची घडी चिमटीत धरावी व कृश व्यक्तीस सुई तिरपी टोचावी. पेनसाठी ४ मिलिमीटर पुरते.

काचेची सिरिंज उकळून वर्षानुवर्षे वापरल्याचे जुन्या मंडळींना स्मरत असेल. आजची प्लास्टिकची सिरिंज एकदाच वापरण्यासाठी आहे. ती उकळू नये. सुई पुन्हा वापरल्यास तिचे टोक बोथट होते व रोज त्याच जागी टोचल्यास गाठी येतात, मग औषध नीट शोषले जात नाही. एकाची सिरिंज दुसऱ्याने, मग ते पतिपत्नी का असेनात, कदापि वापरू नये. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकावी व डबा पाऊण भरला की झाकण घट्ट लावून आरोग्य केंद्रात विचारून द्यावा. उकिरड्यावर फेकलेली सुई कचरा वेचणाऱ्याच्या हाताला लागते.