विसाव्या हिश्शाची मोटार

ज्वारीची कापणी झाली, की मराठवाड्यात जागोजागी कडब्याच्या गंजी उभ्या राहतात आणि त्यांच्या सावलीत मुलांचे कारखाने सुरू होतात. ज्वारीचे एक धाट घ्यावे, वरची साल सोलून काढावी, आतला पांढरा मऊ गाभा हवा तेवढा मोडावा आणि सालीचे टोकदार काप त्या गाभ्यात खिळ्यांसारखे खुपसावेत, म्हणजे घटकाभरात बैलगाडी तयार होते. खिळा नको, डिंक नको. पैसा तर नकोच. सालीच्या धारेने एखादे बोट कापते, तेवढाच काय तो खर्च. अशा गाडीचे चाक साटीपेक्षा उंच झाले किंवा बैल उंदराएवढा झाला, तरी कोणी तक्रार करीत नाही. खेळण्याला एवढी मोकळीक असतेच.

प्रतिकृतीला ती मोकळीक नसते. खऱ्या वस्तूचे प्रत्येक माप एकाच हिश्शाने लहान करून जी वस्तू घडविली जाते, तिला प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणतात. रेल्वेगाड्यांच्या प्रतिकृतींसाठी 1:87 हे प्रमाण जगभर रूढ आहे. मोटारींसाठी 1:18, 1:24, 1:43 अशी प्रमाणे वापरतात. बाजारात तयार भागांचे संच मिळतात व ते जोडून मोटार उभी करता येते. परंतु काही छांदिष्ट लोक तयार भागाला हातच लावीत नाहीत. लाकूड, पत्रा, तार आणि पुठ्ठा यांतून दाराच्या मुठीपर्यंतचे सारे ते स्वतः घडवितात.

हे काम कसे चालते, ते समजण्यासाठी एका मुलाची कल्पना करावी.

हा मुलगा जुन्या जालन्यात राहतो. कुंडलिका नदीने जालना शहराचे दोन भाग केले आहेत. एका काठास जुना जालना, दुसऱ्या काठास नवा जालना. मुलाच्या गल्लीच्या टोकाशी, एका जुन्या वाड्याच्या दाराजवळ, लिंबाच्या झाडाखाली एक पद्मिनी मोटार कित्येक वर्षे उभी होती. वाड्यातील आजींच्या यजमानांनी ती घेतली होती. ते वारल्यानंतर ती कोणी चालविली नाही. तिच्या टपावर पाने साचत, बॉनेटवर मांजर झोपे आणि चारही टायरांतील हवा केव्हाच निघून गेलेली होती.

पद्मिनीचा इतिहास मोठा आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या आराखड्यावरून 1964 पासून एक छोटी मोटार बनू लागली. प्रारंभी तिचे नाव फियाट 1100 डिलाइट असे होते. 1974 साली तिला पद्मिनी हे नाव मिळाले. काळ्या-पिवळ्या रंगाची पद्मिनी टॅक्सी म्हणजे मुंबईची ओळखच बनली. ऑक्टोबर 2023 मध्ये ती मुंबईच्या टॅक्सींतूनही निवृत्त झाली. जालन्यात तर जुन्या लोखंडाला ठरलेली वाट असते. येथील पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि त्याच्या सळया होऊन ते घरबांधणीसाठी पुन्हा बाहेर पडते.

एके दिवशी आजींनी सांगितले, "पुढच्या आठवड्यात गाडी भंगारात जाणार आहे. पावसाने पार कुजली रे ती."

मुलगा म्हणाला, "आजी, मी तिची मापे घेऊ का? तिच्यासारखीच छोटी करतो."

आजींनी थोडा विचार केला. "घे. गाडी जाईल, तिचे रूप तरी घरात राहू दे."

अशा रीतीने कामाला मुदत पडली. त्याच गल्लीत एक वृद्ध मिस्त्री राहत असत. मोटारदुरुस्तीत त्यांचे सारे आयुष्य गेले होते व मुले त्यांना चाचा म्हणत. टेप त्यांनीच दिला आणि बजावले, "बेटा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. जे मोजशील, ते वहीत लिही. जे वहीत नाही, ते गाडीबरोबर भट्टीत गेले असे समज."

मुलाने तीन दिवस मापे घेतली. मोटारीची लांबी 393 सेंटिमीटर भरली, रुंदी 146. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर 234 सेंटिमीटर होते. टपाची उंची त्याने जमिनीपासून मोजली, ती 140.8 सेंटिमीटर आली. दिव्यांचा व्यास, पुढच्या दारातील त्रिकोणी झरोका, मागच्या बाजूचे लहानसे उंच पंख, मुठी, पुसण्या, इतकेच नव्हे तर पत्र्यावरचे पोचेही त्याने वहीत नोंदले. शेवटी चाचांच्या सांगण्यावरून त्याने रस्त्याच्या पलीकडे बरेच दूर उभे राहून मोटारीची बाजू अगदी समोरून दिसेल असे एक छायाचित्र घेतले. आठव्या दिवशी मोटार ट्रकवर चढली आणि लिंबाखाली तेलाचा एक काळा डाग तेवढा उरला.

त्याने एकास वीस हे प्रमाण निवडले. ही निवड शहाणपणाची होती, कारण विसाने भागणे सोपे असते. 393 सेंटिमीटरांची लांबी 19.65 सेंटिमीटर झाली. ती शाळेच्या पट्टीवर मोजता येते. पण या भागाकारात एक धाकही दडलेला असतो. प्रतिकृतीत एका मिलिमीटरची चूक झाली, तर खऱ्या मोटारीत ती दोन सेंटिमीटरांची ठरते. शिवाय लांबी, रुंदी व उंची ही तिन्ही मापे विसाव्या हिश्शाने घटतात. म्हणून आकारमान वीस गुणिले वीस गुणिले वीस, म्हणजे आठ हजारांश होते. खऱ्या पद्मिनीचे वजन सुमारे 900 किलोग्रॅम असते. तिचा प्रत्येक भाग त्याच धातूचा ठेवून ती विसाव्या हिश्शाने लहान करता आली असती, तर ती अवघ्या 112 ग्रॅमच्या आसपास भरली असती. मात्र काही मापे कोणाच्याही हाताला साधत नाहीत. मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो; त्याचा विसावा हिस्सा वहीच्या कागदाहूनही पातळ होतो. तेथे कारागिराने कडा तेवढ्या झिजवून पातळ केल्याचा भास निर्माण करावा लागतो. प्रतिकृतीत भासालाही स्थान आहे. फक्त तो कोठे असावा, हे आधी ठरवावे लागते.

आता घडण सुरू झाली. मुलाने मोटारीची तीन चित्रे खऱ्या प्रमाणात काढली: बाजूने, समोरून आणि वरून. त्यांवरून पुठ्ठ्याचे साचे कापले. सुताराकडून मऊ लाकडाचा ठोकळा आणला आणि खिडक्यांच्या खालचा सारा भाग त्यातून कोरला. पटाशीने थोडे काढायचे, साचा लावून पाहायचा, उजेड कोठून येतो ते न्याहाळायचे, पुन्हा थोडे काढायचे. काढलेले लाकूड परत येत नाही, हे पहिल्याच आठवड्यात एक ठोकळा वाया गेल्यावर त्याला कळले. आतली पोकळी कोरण्यास तर त्याहून अधिक दिवस लागले. टप त्याने पातळ लाकडाचा वेगळा केला व पितळी तारेच्या खांबांवर बसविला. जुन्या चपलेच्या रबराचे टायर झाले, तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पुढची जाळी झाली. तारेचे सांधे झाळून देण्याचे काम चाचांनी केले, पण मुलाचा हात आपल्या हाताखाली धरून. लाकडाचे रंध्र बुजविण्यासाठी लांबी भरली, ती वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली.

एवढे चिवट काम अल्पवयीन मुलांना झेपेल का, असे कोणास वाटेल. अमेरिकेत ते हजारो मुलांनी करून दाखविले आहे. डेट्रॉइट येथील फिशर बॉडी ही जनरल मोटर्सची शाखा 1930 पासून मुलांसाठी एक स्पर्धा भरवीत असे. बारा वर्षांच्या मुलालाही तीत भाग घेता येई. पहिल्या वर्षांत नेपोलियनकालीन शाही बग्गीची प्रतिकृती करावी लागे. पुढे मुलांनी स्वतःच कल्पिलेल्या मोटारी एकास बारा या प्रमाणात करण्याची पद्धत आली. बक्षीस म्हणून उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळे. 1947 साली ती जिंकणारा चार्ल्स जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या आरेखन विभागाचा प्रमुख झाला. ही स्पर्धा 1968 पर्यंत चालली. मुलींना मात्र तीत प्रवेश नव्हता. किती कुशल हात त्यामुळे बाहेर राहिले असतील, याचा हिशेब कोठेच नाही. आपल्याकडे पुण्यातील भाऊ जोशी यांना छोट्या रेल्वेगाड्यांचा असाच नाद होता. आयुष्यभर जोपासलेल्या त्या छंदातून कोथरूड भागात छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे राहिले आणि 1 एप्रिल 1998 रोजी ते लोकांसाठी खुले झाले.

जालन्यातील मुलाची मोटार पाच महिन्यांनी पुरी झाली. रंग चढला, दिव्यांच्या जागी पारदर्शक डिंकाचे थेंब चमकू लागले. घरातील सर्वांनी, शेजाऱ्यांनी, शाळेतील सोबत्यांनी तिची वाखाणणी केली. मुलाला मात्र ती पाहताना काहीतरी खटकत होते. मोटार झोपेत असल्यासारखी दिसे. तिच्या खिडक्या अर्धवट मिटलेल्या डोळ्यांसारख्या वाटत. त्याने वही काढून सारी मापे पुन्हा ताडून पाहिली. प्रत्येक माप वहीबरहुकूम होते.

तो चाचांकडे गेला. त्यांनी मोटार टेबलावर ठेवली, एक डोळा मिटून तिच्या उंचीला डोके खाली नेले आणि विचारले, "टपाची उंची कोठून मोजलीस?"

"जमिनीपासून, चाचा."

"आणि टायरांत हवा होती का?"

मुलगा गप्प झाला. हवा नसलेल्या टायरांवर ती मोटार वर्षानुवर्षे बसून होती. प्रतिकृतीतील चाके त्याने पूर्ण गोल केली होती व खालचा भाग चाकांच्या मध्यापासून मोजून कोरला होता. टप तेवढा जमिनीपासून मोजलेल्या उंचीवर बसविला होता. त्यामुळे सारी तूट खिडक्यांवर येऊन पडली होती. वहीतील आकडा खोटा नव्हता. तो थकून खाली बसलेल्या मोटारीचा होता.

आता खरी मोटार मोजायला उरली नव्हती. पण छायाचित्र होते. त्यात चाके वाटोळी दिसत होती, लांबट दिसत नव्हती. म्हणजे ते तिरके घेतलेले नव्हते. छायाचित्रात दोन चाकांच्या मध्यांतील अंतर 78 मिलिमीटर भरले. खरे अंतर 2340 मिलिमीटर असल्याचे वहीत होतेच. तेव्हा छायाचित्रातील एक मिलिमीटर म्हणजे मोटारीवरचे तीस मिलिमीटर. खिडकीची उंची छायाचित्रात 13 मिलिमीटर होती. तेराला तिसाने गुणून 390, आणि त्याचा विसावा हिस्सा साडेएकोणीस. मुलाने प्रतिकृतीतील खिडकी मोजली. ती साडेसोळा मिलिमीटर होती.

तीन मिलिमीटर! ते कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. आजींच्या तर डोळ्यांना आता नीटसे दिसतही नव्हते.

त्या रात्री प्रतिकृती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मुलाने पातळ करवतीने टप कापून वेगळा केला. रंगाचा एक मोठा पापुद्रा त्याबरोबर निघाला. खांब नवे, काच नवी, टपाखालची लांबी नवी, आणि रंग तर साराच नवा. या कामाला आणखी पाच आठवडे लागले.

अखेर मोटार आजींच्या हातात गेली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. मग डोळ्यांवर भिस्त न ठेवता बोटे फिरवू लागल्या. टपावरून, बॉनेटवरून, मागच्या पंखांवरून त्यांचे बोट सावकाश सरकत गेले आणि डिकीच्या उजव्या कडेशी थांबले.

"येथे पोचा होता रे," त्या म्हणाल्या. "गाडी नवी होती, तेव्हा मागे घेताना वाड्याच्या दाराला लागली. ते आठ दिवस कोणाशी बोलले नव्हते."

मुलाने वही उघडली. तिसऱ्या पानावर, खालच्या ओळीत लिहिले होते: डिकी, उजवी कड, पोचा, लांबी 12 सेंटिमीटर. चांगला दिसणार नाही म्हणून त्याने तो सोडून दिला होता. त्याने मनात विसाने भाग दिला, मोटार आजींच्या हातून परत घेतली आणि कानस आणायला तो घरी गेला.