पत्ता जुना, घर नवं : फायरवॉलवरचं भाषांतर

भाषांतर म्हटलं की आपल्याला कविता-कादंबऱ्या आठवतात. या अंकात मी वेगळ्याच भाषांतराबद्दल लिहिणार आहे: पत्त्याच्या. मी साहित्याची विद्यार्थिनी, पण मंडळाच्या ध्वनिसंग्रहाचं काम माझ्याकडे आहे, म्हणून हे शिकावं लागलं.

आपल्या संग्रहात खानापूरकडच्या आज्यांनी म्हटलेल्या ओव्या आहेत. त्यातल्या एक आजी आता नाहीत. त्यांचा आवाज फक्त आपल्या सर्व्हरवर उरलाय. सुट्टीत तो सर्व्हर लायब्ररीतून नव्या खोलीत हलवला. पहिल्या वर्षाच्या मुलांना सोमवारपर्यंत ओव्या ऐकून लिहून द्यायच्या होत्या, आणि शनिवारी सकाळी एकही फाइल उघडेना.

दोन गल्ल्या

लायब्ररीतल्या संगणकांचे पत्ते १९२.१६८.१०.१ पासून १९२.१६८.१०.२५४ पर्यंत. मास्क २४ बिटांचा, म्हणजे पहिले तीन आकडे गल्लीचे आणि शेवटचा घराचा. अशा एका गल्लीला सबनेट म्हणतात. हे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या तीन गटांपैकी एकातले आहेत. सर्व्हरचा जुना पत्ता १९२.१६८.१०.५०, नव्या गल्लीत तो झाला १९२.१६८.२०.५०. दोन्ही गल्ल्यांच्या मध्ये लिनक्सची फायरवॉल.

जुना पत्ता सगळीकडे होता: लायब्ररीतल्या सूचनाफलकावर, मुलांच्या बुकमार्कमध्ये, सूचीच्या फाइलींतल्या दुव्यांत. दोन दिवसांत सगळं बदलणं शक्यच नव्हतं. म्हणून लॅबमधल्या सरांनी सुचवलं, ‘‘डीनॅट कर.’’ म्हणजे येणाऱ्या पॅकेटवरचा पोहोचण्याचा पत्ता खोडून त्यावर नवा लिहायचा. घर बदललेल्या माणसाची पत्रं पोस्टमन नव्या पत्त्यावर पाठवतो, तसंच.

मी नियम लिहिला: ‘१०.५० साठी आलेलं २०.५० ला पाठव.’ ग्रुपवर जाहीरही करून टाकलं, ‘झालं!’ काहीच झालं नव्हतं.

पहिली चूक : पत्र पोस्टात गेलंच नाही

सरांनी नियमापुढचा मोजणीचा आकडा बघायला सांगितला. शून्य! म्हणजे पॅकेट फायरवॉलपर्यंत आलंच नव्हतं.

‘‘अगं, शेजारच्या घरी निरोप द्यायला तू पोस्टात जातेस का?’’ सर म्हणाले. ‘‘दारातूनच हाक मारतेस ना?’’

तेच घडत होतं. लायब्ररीतला १०.२३ हा संगणक १०.५० ला आपल्याच गल्लीतला समजतो. तो गेटवेकडे जात नाही; एआरपीने हाक मारतो, ‘१०.५० कोण?’ सर्व्हर तर गेलेला. ओ देणार कोण? उपाय असा की फायरवॉलच्या लायब्ररीकडच्या कार्डाला १०.५० हा जादा पत्ता द्यायचा. मग हाकेला फायरवॉल ओ देते. हा पत्ता डीएचसीपी दुसऱ्या कुणाला वाटणार नाही, याचीही काळजी घ्यायची.

दुसरी चूक : परवानगी जुन्या नावाने

आता आकडा हलला, पण फाइल उघडेना. लिनक्सच्या नेटफिल्टरमध्ये पत्ता बदलण्याचं काम मार्ग ठरण्याआधी होतं आणि पुढे जाण्याची परवानगी नंतर तपासली जाते. तोपर्यंत पॅकेटवर नवा पत्ता लिहिलेला असतो. मी परवानगी १०.५० च्या नावाने दिली होती. ती २०.५० च्या नावाने द्यायला हवी होती.

तिसरी चूक : उत्तराचा रस्ता

तरीही नाही! गंमत म्हणजे सर्व्हरच्या खोलीतल्या संगणकावर नव्या पत्त्याने सगळं उघडत होतं. मला रडू यायचं बाकी होतं. सरांनी सर्व्हरवरचा गेटवे पाहिला. तो अजून जुन्या गल्लीतलाच होता. स्वतःच्या गल्लीत उत्तर द्यायला गेटवे लागत नाही, म्हणून तिथे चालत होतं. लायब्ररीकडे उत्तर पाठवायला मात्र रस्ताच नव्हता.

गेटवे म्हणून फायरवॉलचा २० च्या गल्लीतला पत्ता दिला. परतीच्या पॅकेटसाठी वेगळा नियम लागला नाही. फायरवॉल प्रत्येक जोडणीची नोंद ठेवते आणि उत्तरावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता २०.५० चा परत १०.५० करते. १०.२३ ला वाटतं, जुन्या घरूनच उत्तर आलं. ही नोंद फायरवॉलकडे असते, म्हणून उत्तर त्याच वाटेने यायला हवं. दुसऱ्या वाटेने आलं, तर अनोळखी पत्त्यावरून आलेलं म्हणून संगणक ते नाकारतो.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला हेडफोनमध्ये आजींचा आवाज आला. जात्याची घरघर, मग ओवी. एका ज्युनियरने तिथेच वही उघडली.

लक्षात ठेवा

डीनॅट चालत नसेल, तर क्रमाने विचारा: पॅकेट फायरवॉलपर्यंत येतं का? पत्ता बदलतो का? नव्या पत्त्याला परवानगी आहे का? उत्तर फायरवॉलवरूनच परततं का?

आणखी एक. हा उपाय म्हणजे कुबडी आहे. आकडे छापण्याऐवजी सर्व्हरला डीएनएसमध्ये नाव दिलं असतं, तर घर बदलल्यावर एकच नोंद बदलावी लागली असती. ते काम आता सुरू केलंय.

जाता जाता एक स्वाध्याय : सर्व्हर १० च्याच गल्लीत राहून १०.५० चा १०.६० झाला असता, आणि मी हाच नियम वापरला असता, तर उत्तर कुठून गेलं असतं? कागदावर दोन घरं आणि एक पोस्टमन काढून बघा. पुढच्या बैठकीत बोलू.