डोंगरवाटेचा घोडा

जालना शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीत आज पोलादाच्या सळ्या वाहून नेणाऱ्या मालमोटारींची रीघ लागलेली दिसते. तेथे घोड्याची आठवण कोणाला होणार? परंतु याच जिल्ह्यातील असई या गावी २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठे व इंग्रज यांची मोठी लढाई झाली, तेव्हा दोन्ही पक्षांचे घोडदळ मैदानात होते. घोडा पारखता येणे ही त्या काळी स्वाराची विद्या होती. कारण वाईट घोड्याची किंमत त्याला प्राणांनी मोजावी लागे.

मुलांनो, ती विद्या अजून लोपलेली नाही. मराठवाड्यातच, नांदेड जिल्ह्यातील माळेगावी, खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास असाच बाजार असतो. मारवाडी व काठेवाडी जातींचे डौलदार घोडे तेथे येतात. कोणाला वरातीसाठी नाचणारा घोडा हवा असतो, कोणाला शर्यतीसाठी. आपण मात्र डोंगरवाटेवर स्वार नेणारा घोडा घ्यावयास आलो आहोत, असे समजू.

बाजारात पहिली भुरळ पडते ती रंगाची. चारही पाय व तोंड पांढरे असलेला घोडा पंचकल्याणी म्हणून नावाजला जातो. देवमणासारख्या शुभ मानलेल्या भोवऱ्यामुळे किंमत वाढते आणि अशुभ मानलेल्या भोवऱ्यामुळे चांगला घोडाही मागे पडतो. केसांच्या भोवऱ्याचा आणि पायांच्या बळाचा काहीएक संबंध नाही. निसरड्या उतारावर स्वाराला सावरतात ते घोड्याचे खूर!

म्हणून परीक्षा पायांपासून आरंभावी. गुडघ्यांवर जुने व्रण असतील, तर घोडा पूर्वी पडला असावा अशी शंका घ्यावी. नालेचे पुढचे टोक फार झिजले असेल, तर तो पाय पुरता न उचलता फरफटत टाकतो. असा घोडा दगडधोंड्यांत ठेचकाळतो. मग त्यास कठीण जमिनीवर दुडक्या चालीने चालवावे. पुढचा दुखरा पाय टेकताच घोडा मान वर उचलतो. बिचाऱ्याला बोलता येत नसले, तरी मान खरे सांगून जाते. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर बहुधा तेथे कधी तरी खोगीर लागून जखम झालेली असते.

वय दातांवरून कळते. पुढच्या दातांपैकी मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास, त्यांच्या शेजारचे साडेतीन व कडेचे साडेचार वर्षांच्या सुमारास पडून पक्के दात येतात. पाचव्या वर्षी पुढचे सर्व दात पक्के झालेले असतात. पुढे दातांची झीज पाहून वय ठरवावे लागते, आणि ते काम जाणत्याचेच.

यानंतरची परीक्षा स्वभावाची. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारी नेता येत नाहीत. तेथील तांबड्या मातीच्या वाटांवर कधीही घोड्यावर न बसलेले प्रवासी घोड्यावरून हिंडतात. अशा ठिकाणी तेज घोडा काय कामाचा? स्वार चढताना स्थिर उभा राहणारा, उडणाऱ्या कागदाला न बुजणारा, उतरणीवर मान खाली घालून वाट पाहत पाऊल टाकणारा घोडा हवा. तो फार उंच नसला तरी चालेल. भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी घोडे बांध्याने लहान. तरी काटकपणामुळे ते मराठ्यांच्या फौजेत मोलाचे ठरले. स्वार व खोगीर यांचे वजन मात्र साधारणतः घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे. तीनशे किलोच्या घोड्यावर साठ किलोंचा भार पुरे.

सौदा ठरविताना विकणारा व घेणारा रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव बोलतात, अशी जुनी रीत आहे. भाव गुप्त राहिला तर राहो, घोड्याचे दोष गुप्त राहता कामा नयेत. औषध देऊन लंगडणे काही काळ झाकता येते, तसेच खूप दमवून द्वाड घोडा गरीब भासविता येतो. यासाठी घोडा एकदा पाहून विसार देऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच्यावर कोणी बसण्यापूर्वी, पुन्हा पाहावा. ग्लँडर्स हा माणसालाही होऊ शकणारा भयंकर रोग आहे, म्हणून रक्ततपासणीचा दाखलाही मागावा. जो विक्रेता ‘हा घोडा तुमच्या कामाचा नाही’ असे स्वतः सांगतो, त्याचे त्या दिवशीचे गिऱ्हाईक जाते. पण पुढच्या यात्रेत तेच गिऱ्हाईक त्याचा तंबू शोधीत येते.

घोडा घरी आणल्यावर शहाणा मालक त्याच्यावर लगेच प्रवासी बसवीत नाही. प्रथम काही दिवस तो त्यास रिकाम्या खोगिरानिशी, वाट ठाऊक असलेल्या जुन्या घोड्याच्या मागून, चढउतारावर हिंडवितो.